उमेदवाराच्या बायका-पोरांना प्रचारात ओढायचं का? मला तरी पटत नाही

कुळागरकर

गेल्या झेडपीच्या वेळची गोष्ट. आमच्याकडच्या, म्हणजे गोव्यातल्या, एका उमेदवाराची मुलगी बारावीला आहे. तिचा कुणाच्या तरी बड्डे पार्टीत नाचतानाचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ आधी वाड्याच्या ग्रुपवर आला, मग देवस्थानच्या, मग चक्क भजनी मंडळाच्या ग्रुपवर, आणि खाली ओळ, 'हीं आमचो गांव सांबाळटलीं?' मी त्या माणसाला मत देणार नव्हतोच, दिलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरगी कदंबाच्या बसची वाट बघत स्टॉपवर उभी होती आणि तिंट्यावरची (नाक्यावरची) सगळी टाळकी तिच्याकडे बघत होती, ते बघून मला कसंतरीच झालं.

आचारसंहितेत लिहिलंय की ज्या गोष्टींचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही अशा खाजगी आयुष्यावर टीका टाळावी. कोण पाळतो? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 123(4) कलम आहे, खोटी बदनामी केली तर निवडणूक रद्द होऊ शकते, पण तेही उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल, घरच्यांबद्दल त्यात काही नाही. म्हणजे जो स्वतःहून उभा राहिला त्याला संरक्षण आणि जी घरात अभ्यास करत बसली होती तिला काही नाही, तिने फार तर जाऊन बदनामीचा खटला भरावा. 2027 आता दूर नाही, विधानसभेला हेच दहापट होईल. माझं म्हणणं सरळ आहे, माणूस उभा आहे ना, मग त्यालाच विचारा, घर सोडा.

बार्देशकर

भाऊ, त्या मुलीबद्दल वाईट वाटलं, फॉरवर्ड करणाऱ्यांना लाज पाहिजे. पण 'घर सोडा' हे गोव्यात कसं जमणार? इथे घरालाच तिकीट मिळतं! 2022 आठवा. पाच जोडपी उभी होती. वाळपई-पर्येत राणे, कळंगुट-शिवोलीत लोबो, पणजी-ताळगावात मोन्सेरात, ही तिन्ही जोडपी निवडून आली, म्हणजे 40 पैकी 6 आमदार नवरा-बायको. केपे-सांगेत कवळेकर आणि हळदोणे-थिवीत कांदोळकर पडले. पर्येत तर सुनेला भाजपने उभं केलं आणि काँग्रेसने आधी सासऱ्यांचंच नाव जाहीर केलं होतं, शेवटी प्रतापसिंह राणे उभे राहिले नाहीत म्हणून ते टळलं. लोबोंनी पक्ष सोडला तो बायकोच्या तिकिटावरून, जानेवारीत काँग्रेसमध्ये गेले आणि सप्टेंबरात दोघंही परत भाजपात. आता सांगा, कौटुंबिक बाब कुठे संपली आणि राजकारण कुठे सुरू झालं? आज ती 'घरची' आहे, उद्या फॉर्म भरेल. तेव्हा मग आम्ही काय, पहिल्यांदाच भेटतोय असं करायचं?

कुळागरकर

जी उभी राहिली ती उमेदवार, तिला विचारा की, कोण नको म्हणतंय. मी न उभ्या राहिलेल्यांबद्दल बोलतोय.

मडगावचा मास्तर

बार्देशकरांना अनुमोदन. आणि ही चौकशी लोकांनी करून दाखवलेली आहे. 2012 ला आलेमाव घरात चार तिकिटं गेली, चर्चिल, ज्योकीम, युरी आणि वालंका. 'फॅमिली राज' हा शब्द त्या प्रचारात पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीसारखा दारोदार फिरला. चारही पडले. कुणी त्यांच्या घरातल्या भानगडी काढल्या म्हणून नाही, एका घरात किती खुर्च्या हा साधा हिशोब लोकांनी केला. (त्याच वेळी राणे बापलेक दोघंही निवडून आले हेही खरंय, तेव्हा गोंयकार फार तत्त्वाचा वगैरे मी म्हणणार नाही. आलेमावांच्या सासष्टी तालुक्यात एक न्याय, राण्यांच्या सत्तरी तालुक्यात दुसरा.)

आणि हे काही आजचं नाही. 1973 ला भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि शशिकलाताई मुख्यमंत्री झाल्या, बाप गेल्यावर लेक. तेव्हा कोणी नाक मुरडलं असेल, कोणी डोळे पुसले असतील, पण नातं बघितलं सगळ्यांनीच. उलटही होतं. उत्पल पर्रीकरांना 2022 ला वडिलांच्याच पणजीत तिकीट मिळालं नाही, अपक्ष राहिले, 716 मतांनी पडले. आडनावाचं भांडवल करायचं असेल तर त्याचा जमाखर्च बघायला लोक येणारच.

धेंपो_नव्हे_मी

😂 पॉपकॉर्न घेऊन बसलोय. बाकी सगळे एकाच माळेचे मणी, नोटाला मत द्या आणि मोकळे व्हा.

फोंड्याचा कारकून

वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करतो. उमेदवारांची ॲफिडेव्हिटं, म्हणजे फॉर्म 26, मी बरीच टाइप केलीत, म्हणून थोडं बोलतो.

त्यात रकानेच आहेत, स्वतः, नवरा किंवा बायको, अवलंबून असलेली माणसं. हे 2002 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून आलं. 2018 ला लोकप्रहरी या संस्थेच्या केसमध्ये कोर्टाने अजून पुढे जाऊन सांगितलं की नुसती मालमत्ता नको, बायको-नवऱ्याच्या आणि अवलंबितांच्या उत्पन्नाचा स्रोतही सांगा. तेव्हा 'घर सोडा' म्हणायची वेळ कायद्याने कधीच मागे टाकली.

आणि गोव्यात तर बोलायलाच नको. 'बायकोच्या पैशांशी माझा काय संबंध' हे वाक्य एकवेळ महाराष्ट्रात चालेल. आपल्याकडे पोर्तुगीज सिव्हिल कोड. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर रजिस्ट्रारकडे सह्या झाल्या की मालमत्ता दोघांची अर्धी-अर्धी. साधी जागा विकायची तरी दोघांची सही लागते. इन्कम टॅक्सात आपल्यासाठी खास 5ए कलम आहे, पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं वाटून दाखवायचं. म्हणजे गोव्यातल्या विवाहित उमेदवाराला एकट्याचा हिशोब देताच येत नाही. 2024 ला लोकसभेच्या उमेदवार पल्लवी धेंपोंचं ॲफिडेव्हिट आलं, दोघांची मिळून साधारण 1,400 कोटी, देशभर बातमी झाली. त्यात नवऱ्याचेही आकडे होते. कुणी म्हटलं का की खाजगी आयुष्यात डोकावले? बाई उभ्या होत्या, लोकांनी वाचलं, दक्षिण गोव्यात कॅप्टन विरियातो निवडून आले, विषय संपला.

कुळागरकर

कारकूनबाब, माहिती भारी आहे, 5ए चं मला माहीतच नव्हतं, मीही निम्मं दाखवतो पण का ते सीएला कधी विचारलं नाही.

पण कोर्टाने दुसरी बाजूही सांगितलीय. 9 एप्रिल 2024, अरुणाचलच्या तेझू मतदारसंघाची केस. त्या आमदाराने बायको आणि मुलाच्या नावावरच्या गाड्या दाखवल्या नाहीत म्हणून हायकोर्टाने निवडणूक रद्द केली होती. कसल्या गाड्या, तर एक स्कूटी, एक मोटरसायकल आणि एक जुनी ओम्नी, त्याही आधीच देऊन-विकून टाकलेल्या, फक्त कागदावर नाव राहिलेलं. सुप्रीम कोर्टाने आमदारकी परत दिली आणि म्हटलं की उमेदवारालाही खाजगीपणाचा हक्क आहे, मतदाराचा जाणून घ्यायचा हक्क सगळ्यावर चालत नाही. उमेदवाराला एवढं मिळतं, तर उभंच न राहिलेल्या माणसाला त्याहून जास्त मिळायला नको?

फोंड्याचा कारकून

त्याच निकालात पुढे असंही आहे की महागड्या घड्याळांचा साठा असेल तर तो दाखवावा लागेल, कारण त्यावरून राहणीमान कळतं. स्कूटी सोडली, घड्याळं नाही सोडली. आम्हालाही एवढंच हवंय.

म्हापशेकर_78

आसगावचं रेस्टॉरंट विसरलात सगळे? जुलै 2022. तेव्हाच्या केंद्रातल्या मंत्रीणबाई स्मृती इराणींची मुलगी, जेमतेम अठरा वर्षांची, तिच्यावर बेकायदा बारचा आरोप दिल्लीत प्रेस कॉन्फरन्स घेऊन केला. दिल्ली हायकोर्टाने ट्विटं काढायला लावली, म्हणाले प्रथमदर्शनी लायसन मायलेकींच्या नावावर कधी नव्हतंच. निवडणूक नव्हती तेव्हा. असती तर कोर्टाचा आदेश येईपर्यंत मतदान होऊन गेलं असतं, हाच तर मुद्दा आहे, खोटं धावतं आणि तारीख पडते पुढच्या महिन्याची. मी कुळागरकरांच्या बाजूने.

बार्देशकर

बरोबर, पण म्हणून लायसन कोणाचं हे विचारायचंच नाही का? आमच्या बार्देशात किनाऱ्यावर अर्धी राजकारणं लायसनवर चालतात. प्रश्न विचारण्यात चूक नव्हती, कागद न बघता नाव घेण्यात होती.

पेडण्याची सून

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते. तुम्ही सगळे बाहेरून बोलताय, मी आतून सांगते.

माझा नवरा पंचायतीला उभा होता. मला कोणी विचारलं नाही उभं राहू का म्हणून, घरी सांगितलं ते थेट बॅनर छापून आल्यावर, आणि बॅनरवर माझा फोटो, नऊवारीत, आमच्या लग्नातला कापून घेतलेला. मग पंधरा दिवस हळदीकुंकू, प्रत्येक घराच्या पायरीवर मी पुढे आणि हे मागे, कारण बायकांची मतं बायको आणते म्हणे. तेव्हा मी सार्वजनिक होते ना? मग विरोधकांनी काढलं की मी सावंतवाडीची, 'भायली'. माझ्या रेशनकार्डाचा फोटो फिरला, तो पंचायतीतूनच कोणीतरी दिला असणार. माझ्या नोकरीवर कोणाची चिठ्ठी होती इथपर्यंत गेलं (नव्हती, परीक्षा दिली होती मी). माझी आई फोनवर रडायची.

आणि या सगळ्यात माझ्या दिराच्या जेसीबीबद्दल एक माणूस बोलला नाही. डोंगराची माती कापून शेतात भराव टाकायचं काम त्याचं, ते रात्री चालतं, अख्ख्या गावाला आवाज येतो. नवरा पंच झाल्यापासून दोन जेसीबींचे तीन झाले. दीर फॉर्म 26 मध्ये कुठे येतो का हो कारकूनबाब? तो कोणावर अवलंबून नाही. खरं तर आम्हीच त्याच्यावर अवलंबून आहोत.

म्हणून मला दोन्ही बाजूंची गंमत वाटते. चौकशी व्हावी म्हणणारे चौकशी करतात ती सुनेची आणि बारावीतल्या पोरीची, कारण ते फुकट आहे, उलट कोणी मारायला येत नाही. दिराला विचारायला दम लागतो. आणि घर सोडा म्हणणाऱ्यांनो, तुमच्या त्या सभ्यपणाच्या आड बसलेला असतो तो दीरच.

मडगावचा मास्तर

ताई, नि:शब्द.

कुळागरकर

वहिनी, तुमचं खरंय आणि मला लागलंही. तरी माझी भीती तीच राहते. एकदा 'घरच्यांना विचारा' असं दार उघडलं की लोक दिरापर्यंत जाणार नाहीत, स्टॉपवरच्या पोरीपाशीच थांबतील. तुमच्या बाबतीतही तेच झालं ना? म्हणून मी अजूनही म्हणतो की दार बंदच बरं.

बार्देशकर

दार बंद करून पोरगी वाचली नाही कुळागरकर, तुम्हीच तर वर सांगितलं. आचारसंहिता होतीच तेव्हा.

फोंड्याचा कारकून

ताई, दीर फॉर्म 26 मध्ये येत नाही. कमावता मुलगा, भाऊ, जावई कोणीच येत नाहीत, आणि आमच्याकडे येणारे उमेदवार हे फॉर्म भरायच्या कितीतरी आधी शिकून येतात. पण जमीन असेल तर लपत नाही. सर्व्हे खात्याच्या साईटवर तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की वन-फोर्टीनचा (महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा) उतारा दिसतो, कब्जेदाराच्या रकान्यात नाव असतं. कोणालाही बघता येतं, त्यासाठी कोणाचा व्हिडिओ लागत नाही. नंबर तेवढा माहीत पाहिजे.

म्हापशेकर_78

नंबर कोण देणार पण? गावात सगळ्यांना ठाऊक असतो आणि कोणालाच ठाऊक नसतो.

पेडण्याची सून

मला पाठ आहे. पण इथे टाकणार नाही, त्याच घरात जेवायचंय मला.