ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यातल्या बोअरवेल: चार-सहा नोंदींवर उपसा ठरवावा का?

ओवळा_पाणी
येऊरच्या पायथ्यापासून खाडीपर्यंतच्या सोसायट्या बोअर किती तास चालवायची हे अंदाजावर ठरवतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, पण त्या विरळ आहेत. माझं मत: मे अखेर आणि ऑक्टोबर मध्यावर आपणच पातळी मोजावी आणि त्यावर उपसा बांधावा. 1 चौरस किलोमीटरात पातळी 4 मीटर चढली आणि बेसॉल्टचा (इथल्या काळ्या कातळाचा) स्पेसिफिक यील्ड, म्हणजे खडकातून निचरून हाती येणाऱ्या पाण्याचं प्रमाण, 2 टक्के धरला, तर साठा 8 कोटी लिटर. पावसाळ्यानंतरच्या कोरड्या 240 दिवसांना वाटून रोज साधारण 3.3 लाख लिटर.

कातळकर
पूर्ण विरोध. बेसॉल्टला 1 ते 3 टक्के धरतात, म्हणजे साठा 4 कोटीही असेल, 12 कोटीही. या भागात डाईक आहेत, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती. मधे एक आडवी आली की 50 मीटरवरच्या दोन बोअरचं एकमेकींशी काही नातं उरत नाही. शिवाय उतार खाडीकडे आहे, त्यामुळे उपसलं नाही तरी पाणी झिरपून जातंच. ते तुमच्या भागाकारात नाही. आधी पंपिंग टेस्ट घ्या, म्हणजे बोअर सलग उपसून पातळी किती उतरते ते मोजा. एकदा आकडा नोटीस बोर्डावर लागला की समिती तो सोडत नाही.

मापाडी
दोघांनीही मोजमापाचं बोला. पंप बंद करून निदान 12 तास जाऊ द्या, शेजारच्या सोसायटीचाही बंद हवा. टेपच्या खालच्या दोन मीटरला खडू घासून सोडा, भिजलेली रेघ वाचा, केसिंगची (बोअरच्या तोंडाच्या पाइपची) जमिनीवरची उंची वजा करा. केसिंगच्या भिंतीवरून पाणी ठिबकत असेल तर खडू वरपर्यंत भिजतो आणि पातळी आहे त्याहून वर दिसते. केबलमध्ये टेप अडकतो, म्हणून पंप बसवतानाच बाजूने अर्ध्या इंचाचा पाइप सोडून ठेवा.

उपसाही तासांवरून काढू नका. नोव्हेंबरात 200 लिटरचा ड्रम 80 सेकंदांत भरला तर तासाला 9,000 लिटर. पातळी खाली गेली की तोच ड्रम 100 सेकंद घेतो, म्हणजे 7,200. सहा तासांत 10,800 लिटरचा, जवळपास एका मोठ्या टँकरचा फरक. ड्रम दर महिन्याला भरून बघा.

ओवळा_पाणी
कातळकर, झिरप्याचा मुद्दा मान्य. मग 1 टक्क्याने सुरुवात करू, रोज साधारण 1.67 लाख लिटर. दर महिन्याला पातळी बघायची. ठरवल्यापेक्षा वेगाने उतरली तर तास कमी. पंपिंग टेस्ट एका बोअरचं सांगते, अख्ख्या पट्ट्याचं नाही, आणि तिची वाट बघत बसलो तर दोन उन्हाळे जातील. उपसा तर आजही चालूच आहे.

कातळकर
दरमहा सुधारणार असाल तर विरोध थोडा मवाळ. पण 1.67 लाख हा हक्क म्हणून सोसायट्यांत वाटून टाकू नका, यावर ठाम आहे. आणि गायमुख, कोलशेतच्या खाडीकाठी पातळीवर विसंबूच नका, तिथे भरती-ओहोटीनेही ती हलते. पंप 15 मिनिटं चालवून नमुना घ्या आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) तपासा. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे 500 मिलिग्रॅम योग्य आणि पर्याय नसेल तर 2,000 पर्यंत चालतं, पण तुम्ही बघायचा तो चढ. तीन आठवडे सलग वाढला तर पंप थांबवा, पातळी कितीही चांगली दिसो. खारं पाणी आत शिरलं की एका पावसाळ्यात धुतलं जाईलच असं नाही.

मापाडी
टीडीएस मीटर एकच ठेवा आणि सगळीकडे तोच फिरवा. दोन मीटर दोन आकडे दाखवतात.