सिंगापूरचं युनिव्हर्सल आणि हाँगकाँगचं डिस्नीलँड : हलाल जेवणाची सोय कशी लावावी?

दापोलीची_नाझ

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार मंडळी.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण निघतोय. सासू-सासरे, आम्ही दोघं, नऊ आणि पाच वर्षांची मुलं. एक दिवस सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये, दोन दिवस हाँगकाँग डिस्नीलँडमध्ये. सासऱ्यांना शुगर आहे, त्यांचं दुपारचं जेवण लांबून चालत नाही. मुलांना दिसेल ते हवं असतं. टूरवाल्यांचं एकच उत्तर, "मॅडम, तिकडे सगळं मिळतं."

मला नेमकं हवंय : पार्कात कुठे जेवायचं, खात्री कशी करून घ्यायची, नमाजची सोय कशी, आणि घरून काय न्यावं.

यास्मिन_सिंगापूर

वालेकुम अस्सलाम, नाझ. आधी सिंगापूरचं सांगते.

इथे हलाल प्रमाणपत्र देणारी अधिकृत संस्था एकच, 'मुइस', म्हणजे मजलिस उगामा इस्लाम सिंगापुरा. १९७८पासून प्रमाणपत्रं तीच देते. ते काउंटरजवळ फ्रेम करून लावलेलं असतं. त्यावर तीन गोष्टी वाचायच्या : आउटलेटचं नाव, त्याच जागेचा पत्ता आणि मुदत संपण्याची तारीख. प्रमाणपत्र त्या एका जागेपुरतं असतं. शेजारची पॉपकॉर्नची किंवा टर्की लेगची गाडी त्याच पार्कची असली तरी तिला ते लागू होत नाही. मुलं नेमकी गाडीसमोर हट्ट धरतात, म्हणून हे घरीच समजावून ठेव.

युनिव्हर्सलमध्ये इजिप्तच्या विभागातलं 'ओअॅसिस स्पाइस कॅफे' आणि फार फार अवे विभागातलं 'गोल्डिलॉक्स' ही हलालसाठी ओळखीची ठिकाणं. ओअॅसिसमध्ये आपल्या तोंडाला रुचेल असं भारतीय-अरबी वळणाचं जेवण असतं, गोल्डिलॉक्स म्हणजे तळलेलं चिकन. सासूसासऱ्यांना ओअॅसिसच बरं पडेल. जुन्या मादागास्कर विभागातल्या 'मार्टीज'चं नाव कित्येक याद्यांमध्ये अजून दिसतं. तो विभाग काढून तिथे २०२५मध्ये मिनियन लँड झालं, तेव्हा ते नाव शोधत फिरू नकोस. निघण्याच्या आदल्या आठवड्यात मुइसच्या संकेतस्थळावर किंवा 'मुस्लिम एसजी' अॅपमध्ये आउटलेटचं नाव टाकून बघ. मुदत संपलेली असेल तर तिथेच कळेल.

'नो पोर्क, नो लार्ड' अशी पाटी दिसली की हलाल समजू नकोस. डुकराचं मांस आणि चरबी वापरत नाही, एवढंच ती सांगते. चिकन कुठलं, सॉसमध्ये वाइन आहे का, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

बारा ते दोन काउंटरवर रांगा असतात. सासऱ्यांसाठी सव्वाअकराला जेवायला बसा. पार्क साधारण दहाला उघडतं, त्यामुळे आधी एक-दोन राइड आरामात होतात.

भटक्या_विश्वास

नाझताई, एवढं कशाला? परदेशात व्हेज खाल्लं की प्रश्नच मिटला. फ्राइज, नूडल्स, भात-भाजी सगळीकडे मिळतं.

इम्तियाज_मिरजकर

विश्वासभाऊ, सल्ला मनापासून दिलाय, पण इथे तो पुरत नाही. आपल्याकडे 'शुद्ध शाकाहारी' म्हटलं की स्वयंपाकघरच वेगळं असतं. हाँगकाँगमध्ये भाज्यांचा डिश म्हणजे बिनमांसाचा डिश, बाकी कशाची हमी नाही. पाहा :

फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच नगेट्स आणि सॉसेज तळलेले असू शकतात. म्हणून "हे व्हेज आहे का?" असं विचारू नका. "याच तेलात मांस तळता का?" असं विचारा.

परतलेल्या हिरव्या भाजीत ऑयस्टर सॉस (कालवांचा सॉस) आणि शाओशिंग वाइन सर्रास पडते. नूडल्सचं पाणी बहुतेक वेळा डुकराच्या हाडांचं. जपानी पद्धतीच्या तेरियाकीत मिरिन, म्हणजे तांदळाची गोड दारू. साध्या दिसणाऱ्या पेस्ट्रीच्या पापुद्र्यात लार्ड असू शकतं.

आणि मुलांचा खाऊ. मार्शमेलो, गमी, थरांचं मूस केक, काही दही-पुडिंगं यांत जिलेटिन असतं आणि ते डुकराचं असू शकतं. पाकिटावर ई४४१ म्हणजे जिलेटिन, ई१२० म्हणजे किड्यापासून काढलेला लाल रंग. ई४७१ वनस्पतीजन्यही असतो आणि प्राणिजन्यही, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून निवाडा करू नका, पाकिटावर हलालची खूण शोधा. पात्रांच्या आकाराची कँडी कॅमेऱ्यासाठी सुंदर असते, पण पाच वर्षांच्या मुलाच्या हातात देण्याआधी मागची बाजू वाचायचीच.

आणखी एक. नाझताई, तुम्ही कोकणातल्या, म्हणजे बहुतेक शाफई (शाफई आणि हनफी हे सुन्नी इस्लामी कायद्याचे दोन संप्रदाय). तुम्हाला कोळंबी, माकूळ चालतं. मिरज-सोलापूर-मराठवाड्याकडचे आम्ही बहुतेक हनफी. आमच्याकडे मासे चालतात, खेकडा-माकूळ-कालवं नाहीत, आणि कोळंबीबद्दल आलिमांमध्येच (धर्मविद्वानांमध्येच) दोन मतं आहेत. कालवं नाहीत म्हटल्यावर ऑयस्टर सॉसही बाद. हा धागा वाचून जाणाऱ्या हनफी मंडळींनी "सीफूड मागवलं की झालं" हे गृहीत धरू नये.

भटक्या_विश्वास

तेलाचं आणि वाइनचं लक्षातच आलं नव्हतं. आमच्या जैन शेजाऱ्यांनाही हे उपयोगी पडेल, त्यांना पाठवतो.

सलमा_कौलून

हाँगकाँगचं मी लिहिते. इथे तयारी जास्त लागते, कारण हलाल इथे अपवाद आहे.

डिस्नीलँडमध्ये 'एक्सप्लोरर्स क्लब' (मिस्टिक पॉइंट) आणि 'ताहिशियन टेरेस' (अॅडव्हेंचरलँड) या दोन ठिकाणी हलालप्रमाणित जेवण मिळतं. इथे प्रमाणपत्र देणारी संस्था म्हणजे इन्कॉर्पोरेटेड ट्रस्टीज ऑफ द इस्लामिक कम्युनिटी फंड ऑफ हाँगकाँग. दोन्ही विभाग स्टेशनपासून आत चालत जाण्याइतके लांब आहेत, तेव्हा भूक लागल्यावर शोधायला निघू नका. सकाळी आत शिरल्याशिरल्या मेन स्ट्रीटवरच्या सिटी हॉलमध्ये विचारा : आज दोन्ही उघडी आहेत का, किती वाजेपर्यंत, आणि नमाजची खोली कुठे. गर्दी कमी असलेल्या दिवशी एखादं रेस्टॉरंट बंद ठेवतात किंवा उशिरा उघडतात, आणि त्याचा फटका शुगरच्या माणसाला आधी बसतो. दोन दिवस आहेत तर एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरं. मुलांनाही कंटाळा येणार नाही.

काउंटरवर बोट दाखवून "हलाल?" एवढंच विचारलं तर मान डोलावली जाते. कोणते पदार्थ प्रमाणपत्रात येतात ते फलकावर दाखवायला सांगा.

भारतातून येणाऱ्यांचा हमखास घोटाळा : मॅकडोनाल्ड्स आणि केएफसी सिंगापुरात मुइसप्रमाणित आहेत, हाँगकाँगमध्ये नाहीत. बोर्ड तोच, रंग तोच, जेवण वेगळं.

रात्रीचं जेवण पार्काबाहेर. डिस्नी लाइनने सनी बे, तिथून तुंग चुंग लाइनने लाय किंग, मग त्सुएन वान लाइनने त्सिम शा त्सुई. नाथन रोडवर कौलून मशीद आहे आणि जवळच चुंगकिंग मॅन्शन्समध्ये पाकिस्तानी-भारतीय खानावळी. दारातच माणसं ओढायला येतात. त्यांच्यामागे जाण्याआधी प्रमाणपत्र बघा. हलाल डिमसम (वाफवलेले छोटे चिनी पदार्थ) खायचं असेल तर वान चायच्या मशिदीच्या इमारतीत पाचव्या मजल्यावरचं इस्लामिक सेंटर कँटीन. तिकडे दुपारी जायचं, त्यामुळे ते पार्कच्या दिवशी जमणार नाही.

फोनवर चिनी लिपीत एक वाक्य लिहून ठेवा : "डुकराचं मांस, डुकराची चरबी, जिलेटिन आणि दारू घातलेले सॉस आम्ही खात नाही." इंग्रजी बोलण्यापेक्षा हे लवकर समजतं.

यास्मिन_सिंगापूर

नमाजचं राहिलं होतं. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे वेळा वर्षभर फारशा हलत नाहीत : जोहर (दुपारची नमाज) एकच्या आसपास, मगरीब (सूर्यास्तानंतरची) सातच्या सुमारास. म्हणजे जोहर आणि असर (दुपार उलटल्यावरची) पार्कातच येतात. शाफई असाल आणि प्रवासात कसर (नमाज आखूड करून पढण्याची सवलत) करणार असाल तर दोन्ही एकत्र पढता येतात, मग एकदाच जागा शोधावी लागते. हनफींना दोन्ही आपापल्या वेळी. आत शिरताना गेस्ट सर्व्हिसेसला जागा विचारून ठेवा. संध्याकाळी सेंटोसा एक्सप्रेसने व्हिवोसिटीला उतरलात तर तेलोक ब्लांगाह रोडवरची तेमेंगोंग दाएंग इब्राहिम मशीद जवळ आहे.

हाँगकाँगमध्ये नोव्हेंबरात मगरीब पावणेसहाच्या सुमारास होते, हे सिंगापूरच्या सवयीने विसरायला होतं. दोन्हीकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. अॅपमध्ये शहर बदललं का ते पाहा.

सिंगापूरच्या फूड कोर्टात ताटं ठेवायच्या जागा हलाल आणि बिगरहलाल अशा वेगळ्या असतात. पाटी वाचून ताट ठेवायचं, आणि बाहेरचं खाणं हलाल दुकानाच्या टेबलावर उघडायचं नाही.

दापोलीची_नाझ

जझाकल्लाह, सगळ्यांचे आभार. घरून सुकं मटण आणि कबाब करून नेणार होते. आणि टूरमध्ये युनिव्हर्सलचं मील कूपन आहे, विमानातही जेवण आहे. त्यांना काय सांगू?

इम्तियाज_मिरजकर

मटण-कबाब दोन्ही रद्द करा. भारतातून मांसाचे पदार्थ सिंगापुरात नेता येत नाहीत, शिजवलेले असले तरी. हाँगकाँगमध्येही मांस आणि अंड्यांवर निर्बंध आहेत. खजूर, भाजके चणे, शेंगदाण्याची चिक्की, मेथीचे ठेपले, इन्स्टंट पोहे-उपमा न्या. हॉटेलात किटली असतेच. चिक्की-खजूर मुलांसाठी; सासऱ्यांच्या खिशात चणे आणि साखर उतरली तर लागणारी ग्लुकोजची गोळी. युनिव्हर्सलमध्ये बाहेरचं जेवण आत नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली चालते. आजारामुळे काही लागत असेल तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी जवळ ठेवा.

टूरवाल्यांना तोंडी सांगू नका, ईमेल करा. कूपन कोणकोणत्या आउटलेटवर चालतं ती यादी मागा. हलाल काउंटर यादीत नसेल तर कूपन काढून टाकून तेवढे पैसे कमी करायला सांगा. 'इंडियन डिनर' लिहिलं असेल तर रेस्टॉरंटचं नाव मागा. भारतीय म्हणजे हलाल असं नाही. लिटल इंडियातसुद्धा दोन्ही प्रकारची आहेत.

विमानात प्रत्येक प्रवाशाच्या नावापुढे 'एमओएमएल' हा कोड पडला पाहिजे. तोच मुस्लिम मील. एजंट भारतीय प्रवाशाला सवयीने 'एचएनएमएल' टाकतात, ते हिंदू मील. त्यात बीफ-पोर्क नसतं, पण हलालची हमीही नसते. मागणी सुटण्याआधी किमान २४ तास नोंदवावी लागते, काही कंपन्या जास्त मागतात. मुंबई-सिंगापूर, सिंगापूर-हाँगकाँग आणि परतीचा प्रवास, प्रत्येक टप्प्यासाठी कोड वेगळा टाकावा लागतो. एका टप्प्याला टाकला की पुढे आपोआप जात नाही. स्वस्त विमान कंपनीचं तिकीट असेल तर हा कोडच नसतो, तिथे मेन्यूतून आधी निवडून पैसे भरावे लागतात.