गायडिंगची पहिली खरेदी: छोटा गाइडस्कोप, ऑफ-अ‍ॅक्सिस की आधी माउंट?

गच्चीवरून (धागाकर्ता)
आकाशाचे फोटो काढताना दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची (दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीची) चाल सुधारत राहणं म्हणजे गायडिंग. पावसाळा सरला की 'गायडिंगसाठी काय घेऊ?' हा प्रश्न येतोच, आणि उत्तरात नवख्याच्या अंगावर भलीमोठी यादी टाकली जाते. माझं मत: ५०० मिमीपर्यंतच्या फोकल लेंथला ३० मिमीचा गाइडस्कोप (मुख्य दुर्बिणीवर बसणारी छोटी दुर्बीण), त्यावर एएसआय १२० एमएम मिनीसारखा मोनो (कृष्णधवल) कॅमेरा, बास. ऑफ-अ‍ॅक्सिस गायडरच्या (ओएजी, म्हणजे मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश छोट्या प्रिझमने गाइड कॅमेऱ्याकडे वळवणारा जोड) वाटेला नवख्याने जाऊच नये.

हिशेब देतो. ८० मिमी, एफ/६ दुर्बीण म्हणजे फोकल लेंथ ४८०. मुख्य कॅमेऱ्याचे पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचे असतील, तर एका पिक्सेलमध्ये १.६ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आकाश येतं. १२० मिमी फोकल लेंथच्या गाइडस्कोपवर, ३.७५ मायक्रॉनच्या पिक्सेलमध्ये, साधारण ६.४५. चौपट भरड. पण पीएचडी२ (गायडिंगचं सॉफ्टवेअर) ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्यापर्यंत पकडतं, म्हणजे चूक फार तर सव्वा आर्कसेकंद. आपल्या शहरांवरची हवा एरवीही त्याहून जास्त थरथरते. मग वरचे पैसे कशाचे?

निशाचर_पुणे
मी तर म्हणतो गायडिंगच कशाला? आजच्या सीमॉस सेन्सरचा रीड नॉइज (प्रत्येक फ्रेम वाचताना सेन्सरच घालतो ती खळखळ) नगण्य आहे. शहरात आकाशच इतकं उजळ की ३० सेकंदांत पार्श्वभूमी त्या नॉइजच्या कितीतरी वर जाते. ढिगाने छोट्या फ्रेम काढा, स्टॅक करा (एकावर एक रचून एक फोटो बनवा). एक केबल कमी, एक लॅपटॉप कमी, रात्री दोन वाजता 'गायडर कॅमेरा सापडत नाही'चा तमाशा नाही. मृगातला तेजोमेघ १३५ मिमीच्या लेन्सने असाच सुरेख येतो.

वर्मगियर
@निशाचर_पुणे, १३५ ला मान्य, ४८० ला नाही. एचईक्यू५ माउंटचा वर्म (मोठं चाक फिरवणारा स्क्रूसारखा गियर) ६३८ सेकंदांत एक फेरा घेतो. पिरिऑडिक एरर (दर फेऱ्याला तशीच होणारी चूक) टोकापासून टोकापर्यंत ३० आर्कसेकंद धरा, मधल्या गियरऐवजी बेल्ट न बसवलेल्या माउंटला हे काही जगावेगळं नाही. फेऱ्याच्या सर्वांत वाईट टप्प्यात ३० सेकंदांत सव्वाचार-साडेचार आर्कसेकंद सरकतं. तुमच्या लेन्सवर ते पिक्सेलभरही भरत नाही. धागाकर्त्याच्या दुर्बिणीवर पावणेतीन पिक्सेल, म्हणजे तारे लांबुळके, फ्रेम कचऱ्यात.

आणि उजळ आकाशाचा तुमचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. वेल्ह्याच्या बाजूला, अंधारात गेलात की पार्श्वभूमी मंद, मग रीड नॉइज बुडवायला एक्स्पोजर लांबवावंच लागतं. शहरात राहून ड्युअल नॅरोबँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे येऊ देणारा) लावलात तरी तेच, तीन ते पाच मिनिटं. डिदरिंगचं तर नावच घेतलं नाहीत. दर दोन-चार फ्रेमनंतर दुर्बीण चार-दोन पिक्सेल हलवली नाही, तर स्टॅकमध्ये तिरक्या रेघांचा पाऊस दिसतो. गायडर असला की हे काम आपोआप होतं.

मंद_तारा
धाग्याच्या शीर्षकात ओएजी आहे आणि कोणी त्याची बाजू घेईना, म्हणून.

गाइडस्कोप मुख्य दुर्बिणीहून वेगळी नळी आहे, तिथेच मेख आहे. बहुतेक जण तो फाइंडरच्या शूमध्ये एका स्क्रूवर अडकवतात. त्या स्क्रूचं टोक बऱ्याचदा प्लॅस्टिकचं. दुर्बीण पूर्वेकडून माथ्यावर येते तसा भार एका कडेवरून दुसरीवर जातो आणि गाइडस्कोप केसभर कलतो. पीएचडी२ला त्याच्यापुरतं सगळं आलबेल, आलेख सपाट, आरएमएस (सरासरी चूक) ०.७, आणि फोटोत प्रत्येक तारा एकाच दिशेने ओढलेला. २०० मिमी, एफ/५ न्यूटोनियनवर (आरशाच्या दुर्बिणीवर), म्हणजे १००० मिमीला, एक पिक्सेल ०.७८ आर्कसेकंदाचा. पाच मिनिटांत तीन आर्कसेकंदांचा कल आला तरी चार पिक्सेल गेले. आरसा त्याच्या घरात किंचित बसला तर ते गाइडस्कोपला कळणारच नाही. ओएजीला कळतं, कारण तो त्याच आरशातून बघतो.

आज ८० मिमी घेणारा दोन वर्षांत न्यूटोनियन घेतोच. मग आधीच एकदा काय ते घ्या ना.

गच्चीवरून
१००० मिमीला ओएजी नको असं मी म्हटलेलंच नाही, ५०० ची मर्यादा पहिल्या परिच्छेदात आहे. राहिला 'एकदाच घ्या'चा मुद्दा. नवख्याकडे बहुधा जुना कॅननचा डीएसएलआर असतो. फ्लॅटनरला (कडेचे तारे नीट करणाऱ्या भिंगाला) मागे सेन्सरपर्यंत ५५ मिमी अंतर लागतं. कॅननच्या बॉडीत ४४ जातात, टी-रिंगमध्ये (कॅमेऱ्याच्या जोडकडीत) ११. संपलं! ओएजी कुठे बसवणार, खिशात?

मंद_तारा
डीएसएलआरला अवघड, मान्य. पण सोनीच्या मिररलेसला बॉडीत १८ च मिमी जातात, ३७ शिल्लक. त्यात नेहमीच्या लांब अडॅप्टरऐवजी आखूड लावला तर ओएजीला जागा होते. कूल्ड कॅमेऱ्यालाही जागा उरते.

निशाचर_पुणे
आणि त्या इवल्याशा प्रिझममध्ये गाइड तारा शोधत बसा. आकाशगंगेच्या पट्ट्यात ठीक आहे. कन्या-अरुंधती केशातल्या दीर्घिका टिपायला गेलात तर तारेच विरळ, त्यात कडेचा तारा कोमा या दोषामुळे पिसासारखा पसरलेला. माझा गायडिंगला विरोध कायम आहे, पण करायचंच तर गाइडस्कोप. एकदम बरेच तारे दिसतात, पीएचडी२चं मल्टी-स्टार तरी कामी येतं.

खिडकीतला_खगोल
मध्येच विचारतो. दक्षिणेकडे तोंड असलेली बाल्कनी आहे, ध्रुवतारा दिसत नाही. चांगला गायडर घेतला तर पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) ढोबळ ठेवली तरी चालेल ना?

वर्मगियर
नाही हो. गायडर एक तारा जागेवर धरून ठेवतो, पण अक्ष चुकलेला असला की बाकीचं क्षेत्र त्या ताऱ्याभोवती हळूहळू फिरतं. कोपऱ्यातले तारे कमानीसारखे येतात. ध्रुवतारा पुण्यातून जेमतेम साडेअठरा अंशांवर, तो तुमच्याच इमारतीमागे जाणारच. पीएचडी२मधलं ड्रिफ्ट अलाइन (तारा कसा सरकतो ते बघून अक्ष जुळवणं) वापरा. त्याला ध्रुवतारा लागत नाही, हाच कॅमेरा आणि हाच गाइडस्कोप पुरतो. म्हणजे तुमच्यासाठी तरी धागाकर्त्याची शिफारस दुप्पट उपयोगाची.

माझं म्हणणं मात्र दोघांनाही आहे. ओएजी घ्या नाहीतर गाइडस्कोप, डेक्लिनेशनच्या (उत्तर-दक्षिण दिशेच्या) गियरमध्ये ढिलाई असेल तर पीएचडी२च्या आलेखातली लाल रेघ एका बाजूला जाऊन बसेल, दुरुस्तीचे पल्स गिळत राहील आणि मग एकदम पलीकडे उडी मारेल. कॅमेरा बदलून ते जाणार नाही. नवख्याने पहिला खर्च बेल्टवर आणि वर्मची मेश (दात्यांची जुळणी) नीट लावून घेण्यावर करावा.

गच्चीवरून
गायडर लावल्याशिवाय त्या नवख्याला ढिलाई आहे हे कळणार कसं? आलेख दिसतो तो गायडरमुळेच. आधी ३० मिमी, मग बेल्ट.

वर्मगियर
बरं, हे पटलं. मग तुमच्याच माउंटपासून सुरू करू. पीएचडी२मधला गायडिंग असिस्टंट चालवा, तो दुरुस्त्या थांबवून नुसतं मोजतो. वर्मचे दोन फेरे, साधारण २१ मिनिटं, शेवटी बॅकलॅशची (ढिलाईची) चाचणी. लॉग इथे टाका. त्यात डेक्लिनेशनची ढिलाई काही सेकंदांची निघाली, तर ती ३० मिमीच्या गाइडस्कोपने कशी सावरता ते मला बघायचंय.