ट्विटरचा नवा फाँट: खरंच डोकं दुखतंय की नुसती सवय? (ऑगस्ट २०२१ मधली चर्चा; ट्विटर म्हणजे आताचं एक्स)

नवीपेठ_डीटीपी: ११ ऑगस्ट २०२१ पासून ट्विटरनं 'चिर्प' नावाचा स्वतःचा फाँट लावलाय, स्वित्झर्लंडच्या ग्रिली टाइप या फाँट बनवणाऱ्या कंपनीनं केलेला, आणि तवापासून जगभरची लोकं डोकं दुखतंय, डोळे ताणतायत म्हणून ओरडायलेत. माझं दुखणं जरा वेगळंय. काल एका चादरवाल्याचं ट्विट बघितलं, मजकूर मराठी आणि मधीमधी 'सिंगल बेड', 'डबल बेड' इंग्रजी अक्षरात. इंग्रजी तेवढं चिर्पमधी आलं, मराठी मोबाईलच्या फाँटमधी, एक ठसठशीत एक किडकिडीत. पत्रिका छापायच्या आधी असलं प्रूफ मी दाखवलं तर गिऱ्हाईक म्हणंल काय बे, दोन पत्रिका फाडून चिकटवलास काय.

कडक_भाकरी: सवय हाय बे नुसती. २०१४ ला ट्विटरनं हेल्वेटिका न्यू फाँट काढून गॉथम आणला तवा पण नाकं मुरडली होती, आता कुणाच्या लक्षात तरी हाय का? पंधरा दिवस थांब.

सातरस्ता: सवय म्हणून उडवू नका. कंपनीनंच १३ तारखेला कबूल केलं की नवा लुक काही जणांच्या डोळ्याला त्रास देतोय आणि बटणांचा काँट्रास्ट बदलतोय म्हणून. शिवाय फॉलोचं बटण उलटं करून ठेवलंय, आधी फॉलो केलेलं रंगानं भरलेलं दिसायचं, आता न केलेलं भरलेलं, लोकं चुकून अनफॉलो करायलेत.

कडक_भाकरी: बटण वेगळं, फाँट वेगळा. बटणाला मी कधी चांगलं म्हणलो?

पूर्वभाग: आम्ही तेलुगूत लिहितो, आम्हाला तर काय बदललेलंच दिसंना. पाश्चात्त्य भाषा डावीकडून लावल्या, बाकीच्या होत्या तशाच, असं त्यांनीच सांगितलंय. म्हणजे भांडणात पण आमचा नंबर नाही 😄 सोलापुरातल्या आमच्या भागातल्या जुन्या पाट्या बघा, मराठी तेलुगू शेजारी शेजारी, पण पेंटर एक, ब्रश एक, जाडी सारखी, म्हणून जोडी जमते.

नवीपेठ_डीटीपी: मी हेच म्हणायलोय की ओ! पण देवनागरी फाँट करणं म्हणजे २६ अक्षरं नव्हं, जोडाक्षरं हायत, रफार हाय, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसू नये म्हणून ओळीत जागा सोडावी लागते. आणि र्या-ऱ्याची गल्लत झाली की मेलाच. माझ्याच हातनं एकदा 'आचार्यांच्या आशीर्वादाने'चं 'आचाऱ्यांच्या आशीर्वादाने' छापून गेलंय, शंभर पत्रिका परत मारून दिल्या खिशातनं.

कडक_भाकरी: मग ट्विटरनं मराठीला हात लावला नाही तेच बरं झालं की!

सातरस्ता: हे मात्र पटलं.

नवीपेठ_डीटीपी: मला नाही पटलं. नीट करणारी माणसं हायत की आपल्याकडं, पैसे टाकून करून घ्यायला काय जातंय त्यांचं.

पूर्वभाग: ते राहू द्या, डबल बेडची चादर केवढ्याला देतोय तो चादरवाला?

नवीपेठ_डीटीपी: भाव बघितलाच नाही बे, अक्षरंच बघत बसलो.