वस्तीत लसीकरणाचा कँप लावला तर लोक येतील का? गोवंडी-मानखुर्दवाल्यांनो, जरा सांगा

देवनारचा_बंड्या
मंडळी, एक विचारायचंय. आमच्या मंडळाकडे यंदा गणपतीच्या वर्गणीतले थोडे पैसे उरलेत आणि पोरांचं म्हणणं आहे की पुढच्या वर्षीच्या डीजेवर उडवण्यापेक्षा काहीतरी कामाचं करू, तर मागच्या वस्तीत लहान मुलांच्या लसीचा कँप लावायचा असं चाललंय. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवराची साथ आली तेव्हा गोवंडीत काय झालं ते आम्ही जवळून बघितलंय, रफीक नगरात एकाच घरातली तीन मुलं संशयित गोवराने गेली होती, त्यानंतर महिनाभर सगळे जागे होते आणि मग परत सगळं जैसे थे. आता प्लॅन असा आहे की मोठा बॅनर, रिक्षावर स्पीकर, एका डॉक्टरचं भाषण आणि येणाऱ्या प्रत्येक आईला काहीतरी गिफ्ट. पण आमच्यातलाच एकजण म्हणतो की तिथल्या लोकांना लस नकोच असते, कितीही ओरडा, येणार नाहीत. खरंय का हे? आणि मंडळाने नक्की करावं तरी काय? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा, उगाच ज्ञान नको.

सुईवाली_ताई
बंड्यादादा, मी पालिकेच्या हेल्थ पोस्टला, म्हणजे वस्तीतल्या छोट्या आरोग्य केंद्रात, एएनएम (लसी देणारी नर्स) आहे, बरीच वर्षं वस्तीतच फिरतेय, त्यामुळे जरा मोठं लिहिते, चालवून घ्या.

लस नकोच म्हणणारं घर असतं, नाही असं नाही, पण ते फार थोडं. ज्यांचं राहिलेलं असतं त्यांच्यात बहुतेक जण "राहून गेलं" वाले असतात. पहिल्या लसी डिलिव्हरीच्या हॉस्पिटलातच होतात, टीबीची बीसीजी, पोलिओचा झिरो डोस, हिपॅटायटिस बी. मग दीड, अडीच, साडेतीन महिन्याला परत यायचं असतं, आणि नेमकं तेव्हा आई बाळाला घेऊन गावी असते, जालना म्हणा, बीड म्हणा, नाहीतर थेट यूपीतलं गोंडा-बस्ती. परत येते तेव्हा कार्ड गावाला सासूच्या ट्रंकेत राहिलेलं असतं आणि तिला वाटतं कार्ड नाही म्हणजे ताई ओरडणार, म्हणून ती येतच नाही. मग नवव्या महिन्याचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस जातो आणि सोळा ते चोवीस महिन्यातला दुसरा तर कुणाच्या लक्षातच नसतो, कारण तोपर्यंत मूल पळायला लागलेलं असतं, त्याला अजून सुई बाकी आहे असं कुणाला वाटत नाही. माझ्या रजिस्टरला सगळ्यात जास्त भोकं इथेच दिसतात.

दुसरं म्हणजे बाटलीचं गणित, जे बाहेर कुणाला माहीत नसतं. एका बाटलीत बऱ्याच बाळांचे डोस असतात, आणि गोवर-रुबेला आणि बीसीजी यांची बाटली फोडली की चार तासांत संपवायची नाहीतर फेकायची. पेंटाचं (पाच आजारांवरची एकच लस) तसं नाही, ती नीट ठेवली तर अठ्ठावीस दिवस चालते. एका बाळासाठीसुद्धा बाटली फोडा असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात, पण प्रत्यक्षात काही ठिकाणी "अजून दोन-तीन मुलं येऊ देत मग फोडते" किंवा "गुरुवारी या" असं होतं. ज्या बाईने अर्धा दिवस बुडवून बाळ आणलंय ती गुरुवारी परत येत नाही आणि आपल्या नोंदीत मात्र ती लस न घेणारी.

म्हणून भाषण-बिषण राहू द्या. तुमच्या पोरांनी आमच्या आरोग्यसेविकेबरोबर एक गल्ली जरी नीट फिरली आणि कुणाच्या घरात पाच वर्षांखालचं मूल आहे, त्याचं काय राहिलंय, का राहिलंय एवढं लिहून आणलं तरी खूप झालं. मग तेवढ्या मुलांसाठी एकच दिवस धरायचा, सगळी एकत्र आली की बाटलीचा प्रश्नच उरत नाही. आणि लस स्वतः विकत आणून कँप लावू नका हं. २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागते, सुईनंतर अर्धा तास बाळाला बसवून बघावं लागतं, ते सगळं आमच्याकडे आहे. कँप पालिकेचा, जागा-पंखा-पाणी मंडळाचं, असं करा.

कट्ट्यावरचा_मास्तर
एवढं कशाला करायचं? कार्ड पूर्ण नसेल तर रेशन बंद, शाळेत अ‍ॅडमिशन बंद. एका महिन्यात लाइन लागेल. फुकट मिळतंय म्हणून किंमत नाही लोकांना.

मानखुर्दची_सुनबाई
मास्तर तुम्ही कधी आमच्या बिल्डिंगमध्ये या, पुनर्वसनातली आहे, लिफ्ट कधी चालू असते कधी नसते, बाळ कडेवर घेऊन वरच्या मजल्यावरून उतरून दाखवा आणि मग बोला किंमत नाही म्हणून.

मी पॅकिंगच्या कंपनीत जाते, साडेआठला घर सोडते, आणि लसीचं सेशन सकाळीच असतं. खाडा केला की पगार कापतात, दोन खाडे झाले की सुपरवायझर दुसरी बाई बघतो. माझ्या पोराला पेंटा दिल्यावर रात्रभर ताप, मांडी सुजली, रडून रडून घर डोक्यावर घेतलं. सासूबाई म्हणाल्या धडधाकट पोराला टोचून आजारी पाडलंत. दुसऱ्या दिवशी परत खाडा. मला कुणी आधी बोललंच नव्हतं की ताप येऊ शकतो, एक-दोन दिवसांत उतरतो, हे औषध एवढं द्यायचं. लाइन मोठी होती, टोचलं आणि पुढची. मग पुढच्या तारखेला सासूबाईंनी जाऊ दिलं नाही आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा भांडले नाही.

नंतर शेजारच्या अंगणवाडीताईंनी घरी येऊन सांगितलं, आणि मला नाही, सासूबाईंना सांगितलं, चहा पीत पीत. तेव्हा काम झालं. आमच्याकडे बाळाचं सगळं आजी ठरवते आणि पोस्टरवर फोटो कायम आईचाच असतो. गिफ्ट नको, पण संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी ठेवा, बघा किती येतात ते.

सुईवाली_ताई
सुनबाई अगदी बरोबर. चार गोष्टी सांगायच्याच असतात प्रत्येक आईला: आज कुठली लस दिली आणि कशासाठी, पुढची कधी, त्रास काय होऊ शकतो आणि काय करायचं, कार्ड जपून ठेवा आणि येताना आणा. पन्नास बाळांच्या रांगेत हेच पहिलं गळतं. तुमच्या पोरांना हे काम द्या ना, टोचून झाल्यावर आई अर्धा तास बसलेलीच असते. बीसीजीचं पण सांगायचं, महिन्याभराने दंडावर फोड येतो, पिकतो, आपोआप सुकतो. पू बघून आया घाबरतात आणि हळद-चुना लावतात.

गिरणगावचे_काका
रेशन बंद करा वाल्यांसाठी थोडा इतिहास. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारने जबरदस्तीच केली होती, घरात शिरून माणसं उचलायची, हॉस्पिटलात टाकायची. काय झालं? ऑक्टोबरात हजारेक गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले, कारण बातमी पसरली होती की आत नेलेला माणूस परत येत नाही. तेच हॉस्पिटल म्हणजे आजचं आपलं कस्तुरबा, जिथे २०२२ ला गोवराची पोरं ठेवली होती. लोक आजार लपवायला लागले, दुसरं काही नाही. आणि त्याच शहरात हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने १० जानेवारी १८९७ ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. कुठल्या गोष्टीने विश्वास बसत असेल ते तुम्हीच ठरवा. आणीबाणीतल्या नसबंदीचं तर विचारूच नका, "सुईने मूल होत नाही" ही अफवा अजून जिवंत आहे ती काय हवेतून आलेली नाही.

मी पालिका शाळेत होतो, पोलिओच्या ड्युट्या भरपूर केल्या. बूथवर जे येतात ते येतातच. खरं काम नंतरच्या दिवसांचं, घरोघर फिरायचं, दारावर खडूने पी किंवा एक्स लिहायचा. पी म्हणजे घरातल्या सगळ्या मुलांना डोस झाला, एक्स म्हणजे मूल राहिलं, मग ते घरी नव्हतं की नको म्हणाले ते लिहायचं आणि परत जायचं. संध्याकाळी जायचं, ओळखीचा माणूस घेऊन जायचं. देशातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची, ती शेवटची ठरली ती काय बॅनरने नाही, एक्सचा पी करत करत.

पवईचा_बालडॉक्टर
काका, त्या खडूच्या खुणांबद्दल एक जोडतो. पोलिओच्या टीमला सगळ्यात जास्त कुठे अडवतात माहितेय? झोपडपट्टीत नाही, टॉवरच्या गेटवर. वॉचमन सांगतो सगळे प्रायव्हेटला घेतात, मॅडम. झालं, आख्खी बिल्डिंग पाहिलीच नाही. त्यामुळे "वस्तीतल्या लोकांना लस नको असते" हे वाक्य मला जरा विनोदीच वाटतं.

माझ्याकडे येणारे आईबाप शिकलेले, गाडीतून येतात, आणि फोनवर काहीतरी उघडून दाखवतात. एमएमआरने (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) ऑटिझम होतो हा १९९८ चा पेपर लॅन्सेट या मेडिकल जर्नलने २०१० लाच मागे घेतला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर तो दर पावसाळ्यात उगवतो. त्यांना मी आकडे सांगून बघतो, फार उपयोग नाही. त्यापेक्षा "तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते" असं विचारून गप्प बसलो की बाहेर येतं, बहुतेक वेळा भाच्याला किंवा शेजारच्या पोराला काहीतरी झालेलं असतं. आणि बरेच जण नकार देत नाहीत, पुढे ढकलतात. सर्दी आहे, पुढच्या महिन्यात करू. साध्या सर्दीला किंवा थोड्या कणकणीला लस थांबवायची गरज नसते हे मी रोज सांगतो.

गोवर इतका वेगाने पसरतो की १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस झालेले हवेत. नवव्या महिन्याच्या एका डोसने दर १०० मुलांतली १५ तरी उघडी राहतात, म्हणून दुसरा. इथे टॉवर आणि वस्ती वेगळं काही नसतं, टॉवरमधली कामवाली वस्तीतूनच येते आणि तिचं बाळ तिच्याबरोबर असतं कधीकधी.

देवनारचा_बंड्या
बापरे, एवढ्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. डीजेवाल्यांना हा धागा वाचायला पाठवतो. दोन गोष्टी अजून. एक, वस्तीत मुस्लिम घरं जास्त आहेत, आम्ही गणपती मंडळवाले घरोघर गेलो तर उलटाच अर्थ निघेल का? दुसरं, ज्यांचं वय उलटून गेलंय त्यांचं काय, दोन-तीन वर्षांच्या पोराला आता घेता येतं का काही?

सुईवाली_ताई
पहिल्याचं उत्तर, एकटे जाऊ नका. तिथल्या मशिदीचे इमाम, मदरशाचे मौलाना, बचत गटाच्या बायका, आणि मुख्य म्हणजे गल्लीतला तो प्रायव्हेट डॉक्टर ज्याच्याकडे सगळे ताप-खोकल्याला जातात, त्यांना आधी भेटा. २०१८ च्या नोव्हेंबरात शाळांमधून गोवर-रुबेलाची मोहीम झाली तेव्हा काही उर्दू शाळांत पालकांनी मुलं पाठवलीच नाहीत, व्हिडिओ फिरत होते. जिथे मौलानांनी जुम्याला दोन वाक्यं सांगितली आणि आपल्या घरचं मूल पहिलं आणलं तिथे सोपं गेलं. ही लस पुण्यात बनते हेही सांगायचं, परदेशातून काहीतरी पाठवलंय असं वाटतं लोकांना. आणि मंडळाचं नाव बॅनरवर नाही टाकलं तर चालेल का बघा, हे जरा जड जाईल माहितेय मला 😄

दुसऱ्याचं उत्तर, येतं ना घेता. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देतो, एकही झाला नसेल तर महिन्याच्या अंतराने दोन. बीसीजी एक वर्षापर्यंत. पेंटा एक वर्षाच्या आत सुरू झाली असेल तर पूर्ण करतो, एकही झालेली नसेल तर मग डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), ती सात वर्षांपर्यंत. राहिलेलं पहिल्यापासून परत सुरू करायचं नसतं, जिथे थांबलं तिथून पुढे. एकाच दिवशी दोन-तीन सुया वेगवेगळ्या जागी दिल्या तरी चालतात. कार्ड नसेल तर नवीन बनवतो, आईला आठवतं तेवढं आणि दंडावरची बीसीजीची खूण बघून. आधारकार्ड नाही म्हणून कुणालाही परत पाठवायचं नसतं.

कट्ट्यावरचा_मास्तर
ठीक आहे, रेशनचं मागे घेतो. पण कँपला जपून, २०२१ ला कांदिवलीच्या एका सोसायटीत कोविडचा बोगस कँप झाला होता, लोकांनी पैसे देऊन काय टोचून घेतलं देव जाणे. लोकांना कळणार कसं की हा खरा?

मानखुर्दची_सुनबाई
ओळखीची ताई असली की कळतं. आमच्याकडे आरोग्यसेविका दर महिन्याला दारात येते, तिचा चेहरा माहितेय. नवीन जॅकेट घालून चार पोरं आली तर मी पण दार नाही उघडणार.

घाटकोपर_साइटवाला
मी एका बिल्डिंगच्या साइटवर सुपरवायझर आहे, मागे पत्र्याच्या शेडमध्ये बरीच लेबर फॅमिली आहे, लहान मुलं भरपूर. सहा-आठ महिन्यांनी साइट बदलली की सगळे दुसरीकडे जातात. यांचं कुणाकडे नाव असतं का? आमच्याकडे कुणी टीम आलेली मी तरी बघितली नाही.

सुईवाली_ताई
नाव असायला हवं, पण गेटवर "काम चालू आहे, आत येऊ नका" असा बोर्ड असतो आणि आमची सेविका परत फिरते. तुम्ही जवळच्या हेल्थ पोस्टला जाऊन मुलांची अंदाजे संख्या सांगा, तिथेच साइटवर येऊन देता येतं, फक्त ठेकेदाराने आधी हो म्हणायला हवं आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कापणार नाही हे त्याच्याकडून बायकांसमोर वदवून घ्या. पगाराच्या दिवशी ठेवू नका, सगळे बाजाराला जातात. टँकरच्या वेळेलाही नको. साइट सोडून जाताना प्रत्येकीच्या कार्डाचा तिच्याच मोबाइलमध्ये फोटो काढून द्या, पुढच्या साइटवरच्या ताईला तेवढ्यावर काम करता येतं.