विषय: मारबतीचे फोटो आणि उडालेला पिवळा रंग

नमस्कार मंडळी,

सध्या ह्यूस्टनहून नागपुरात आलेय, महाल भागात, माहेरी. पोळ्याच्या पाडव्याला मारबतीचे (मिरवणुकीत निघणारा मोठा पुतळा, एक पिवळी आणि एक काळी) आणि तान्ह्या पोळ्याचे (पोरांच्या लाकडी बैलांचा पोळा) मिळून ६४० फोटो झाले. काही माझ्या कॅमेऱ्यातले, बाकी भाच्याच्या मोबाईलमधले. रात्री बसून सगळे एकदम एक्स्पोर्ट केले, क्वालिटी १००, डीपीआय (छापताना इंचामागे किती ठिपके) ३००. फोल्डर सात जीबीचा झाला! आणि लॅपटॉपवर पिवळीधम्मक दिसणारी मारबत आपल्या वेबसाइटवर टाकली तर शिळ्या वरणासारखी. दादा, स्मरणिकेचं काम तुमच्याकडे आहे ना? काय चुकलं?

---

ताई,

एक्स्पोर्ट अडोबी आरजीबीत गेलेला दिसतो. वेबवर चालतं ते एसआरजीबी, अडोबी आरजीबी त्याहून जास्त रंग मावणारं. आपल्या वेबसाइटवर चढवताना फोटोतलं कलर प्रोफाइल, म्हणजे रंगांचे आकडे कसे वाचायचे ती चिठ्ठी, गळून पडतं. मग ब्राउझर तेच आकडे एसआरजीबीचे समजतो आणि रंग मरतात. भडक रंगांवर लगेच कळतं, त्यात तुम्ही नेमकी मारबत घेतली! वेबसाइटसाठी एसआरजीबी, लांब बाजू २०४८ पिक्सेल, क्वालिटी ८०. शंभर आणि ऐंशीतला फरक स्क्रीनवर डोळ्याला दिसत नाही, फाइलला मात्र दिसतो.

डीपीआयचं खूळ सोडा. ६००० बाय ४००० च्या फोटोवर ७२ लिहा की ३००, पिक्सेल तेवढेच. मोजमाप इंचात दिलं तरच तो आकडा कामाचा. गेल्या वर्षी छापखान्यानं ३०० मागितले म्हणून एका काकांनी व्हॉट्सॲपवर आलेल्या १६०० पिक्सेलच्या फोटोवर ३०० लिहून पाठवलं. ए४ पान भरायला २४८० बाय ३५०८ लागतात. बाप्पाच्या सोंडेला पायऱ्या पडल्या होत्या, आठवतंय ना?

तेव्हा छपाईचा एक्स्पोर्ट वेगळा करा, आणि तोही मूळ फाइलींवरून. वेबसाइटच्या जेपेगवरून पुन्हा जेपेग काढला की दर वेळी थोडं झिजतं. अर्ध्या पानाला लांब बाजू ३०००, क्वालिटी ९०. पूर्ण पानाचे फोटो लहान करूच नका. 'मोठा करू नका' या चौकटीवर टिक हवी, नाहीतर कापलेले फोटो ताणले जातील. सीएमवायकेचं, म्हणजे छपाईच्या चार शायांत रंग बदलण्याचं, छापखानेवाला बघेल.

आणि तुमच्या कॅमेऱ्याचं घड्याळ ह्यूस्टनचंच आहे! सकाळी १० ची मारबत आदल्या रात्री साडेअकराची दिसतेय. कॅमेऱ्यातल्या फोटोंच्या वेळा साडेदहा तास पुढे सरकवा, मग फाइलींना तारीख-वेळेवरून नावं द्या, म्हणजे भाच्याच्या फोटोंमध्ये सरमिसळ व्हायची नाही. अंगणातल्या पोरांच्या फोटोंतलं लोकेशन तेवढं काढून टाका. घराचा पत्ता जगाला कशाला?

---

दादा,

झालं बाप्पा एकदाचं! पिवळी आता पिवळी दिसून राहिली. वेबसाइटचा फोल्डर चारशे एमबीच्या आत बसला. घड्याळाचं मला सुचलंच नसतं, तान्ह्या पोळ्याचे बैल सकाळच्या काळ्या मारबतीच्या आधी येत होते आणि आई म्हणे, 'तू नक्की नागपुरातच होतीस ना?'

छपाईला सध्या बाराच काढलेत. मूळ फाइली हलवल्या नाहीत. बडग्याचा (मारबतीसोबत निघणारा टीकेचा पुतळा) एक अर्ध्या पानासाठी आहे, त्याच्या गळ्यातल्या पाटीवरची अक्षरं बारीक आहेत. शंभर टक्क्यांवर उघडून बघा, कडेला ठिपके वाटले तर तेवढा एक ९५ वर काढून पाठवते.