नियमांमुळे तंत्रज्ञान खुंटतं?

नियम आले की तंत्रज्ञान खुंटतं, असं अनेकदा म्हटलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. शिसेयुक्त पेट्रोलचंच घ्या. अमेरिकेत १९७० च्या कायद्याने धुरावर कडक मर्यादा घातल्या, म्हणून १९७५ पासून गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारं उपकरण) आले. शिशाचा थर बसला की त्यातला प्लॅटिनमचा लेप निकामी होतो, त्यामुळे शिसेविरहित पेट्रोल पंपांवर ठेवणं भागच पडलं. नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंडही मुद्दाम अरुंद केलं, शिसेवाल्या पेट्रोलचा जाड नोझल आत जाऊच नये म्हणून. (किती साधा, पण नेमका उपाय!) नियम नसता तर हा खर्च कोणत्या कंपनीने आपणहून केला असता? आणि जगातल्या शेवटच्या पंपावरून गाड्यांचं शिसेवालं पेट्रोल हटायला २०२१ उजाडलं. तोवर लहान मुलांच्या रक्तात शिसं जातच राहिलं.